राळ, मीठ आणि गंधक

पॉलिफेनिलीन सल्फाइड हे गंधकयुक्त प्लास्टिक २८५ अंश सेल्सिअसला वितळते, दोनशे अंशांच्या उष्णतेत वर्षानुवर्षे काम देते आणि दोनशे अंशांखाली त्याला विरघळवणारा द्राव अजून कोणाला सापडलेला नाही. त्याची रचना मात्र अगदी साधी आहे. बेंझिनचे एक वलय, त्याला जोडलेला गंधकाचा एक अणू, मग पुन्हा वलय, पुन्हा गंधक, अशी ही साखळी. वजनाने पाहिले तर तिचा जवळजवळ तीस टक्के भाग निव्वळ गंधकाचा असतो. एवढी साधी साखळी हुकमी पद्धतीने बनवायला रसायनशास्त्राला सुमारे ऐंशी वर्षे लागली. त्यातली बहुतेक वर्षे ती राळेच्या रूपात चंबूच्या तळाशी तयार होतच होती. ती कोणाला नको होती, इतकेच.

मोठ्या रेणूंशी गंधकाचे नाते त्याहून जुने आहे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवले, तेव्हा उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारे रबर एकदम स्थिर झाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकनेही १८४३ साली त्याच क्रियेचे पेटंट मिळवले. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग गंधक पुरतो. तीस भागांपर्यंत नेला की एबोनाइट हा काळा, टणक पदार्थ मिळतो. पण रबरात गंधकाचे काम पुलाचे असते. रबराच्या साखळ्या आधीच तयार असतात, गंधक त्यांना एकमेकींशी आडवा बांधतो. गंधकालाच साखळीचा कणा करायचा हा विचार वेगळा होता, आणि तो कोणी मुद्दाम केला नाही.

पॅरिसमध्ये शार्ल फ्रीडेल आणि त्यांचे अमेरिकन सहकारी जेम्स क्राफ्ट्स यांनी १८७७ साली ॲल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने बेंझिनवर अभिक्रिया घडवण्याची पद्धत शोधली. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे जोडनाव पाठ असते. या जोडीने १८८८ साली बेंझिन आणि गंधक ॲल्युमिनियम क्लोराइडबरोबर तापवून पाहिले. थायोफिनॉल, डायफेनिल सल्फाइड, थायान्थ्रीन असे वेगळे करता येणारे पदार्थ त्यांना मिळाले, आणि त्यांच्याबरोबर एक राळ उरली. झांव्रेस या फ्रेंच रसायनज्ञाने १८९७ मध्ये जवळपास हीच अभिक्रिया केली. त्याच्याही हाती कशातच न विरघळणारी, स्फटिक न होणारी राळ आली.

त्या काळच्या प्रयोगशाळेत राळ म्हणजे फसलेला प्रयोग. पदार्थ शुद्ध आहे हे सिद्ध करायचे तर तो विरघळवायचा, स्फटिक पाडायचे, वितळबिंदू मोजायचा. राळ यातले काहीच करू देत नाही. चंबूच्या काचेला ती अशी घट्ट बसते की शेवटी चंबूच फेकावा लागतो. शिवाय हजारो अणूंच्या लांब साखळ्या असू शकतात ही कल्पनाच तेव्हा मान्य नव्हती. हेर्मान श्टाउडिंगरने ती १९२० साली ठामपणे मांडली, आणि तिला सर्वमान्यता मिळायला आणखी दहा-पंधरा वर्षे गेली. फ्रीडेल, क्राफ्ट्स आणि झांव्रेस यांनी राळेकडे पाठ फिरवली याचा दोष त्यांना देता येत नाही. ती राळ काय आहे हे सांगणारे शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हते.

गंधकाचा कणा असलेला पहिला विक्रीयोग्य पदार्थ १९२० च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस सिटीत सापडला, तोही योगायोगाने. जोसेफ पॅट्रिक गोठणरोधक द्राव बनवण्याच्या खटपटीत होते. त्यांनी इथिलीन डायक्लोराइड आणि सोडियम पॉलिसल्फाइड एकत्र केले आणि त्यांच्या हाती रबरासारखा, भयंकर दुर्गंधीचा गोळा आला. ग्रीक भाषेतील गंधक आणि गोंद या अर्थांच्या शब्दांवरून त्याला थायोकॉल हे नाव पडले आणि १९२९ साली त्याच नावाची कंपनी निघाली. पेट्रोल किंवा तेल त्याला फुगवत नसे. म्हणून पेट्रोलच्या नळ्यांना आतून अस्तर लावायला आणि पुढे विमानांच्या इंधनटाक्यांच्या सांधी बुजवायला ते कामाला आले. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. साधारण सव्वाशे अंशांपुढे ते निकामी होऊ लागते.

थायोकॉलची ही अभिक्रिया नीट लक्षात ठेवावी अशी आहे. दोन टोकांना क्लोरीन असलेला एक रेणू, दुसरीकडे सोडियम आणि गंधक यांचे संयुग. क्लोरीन सोडियमला मिळून मीठ होते आणि रिकाम्या जागी गंधक बसतो. पॉलिफेनिलीन सल्फाइडही अखेर याच हिशेबाने तयार झाले. फरक फक्त क्लोरीन कशाला चिकटलेला आहे याचा. इथिलीन डायक्लोराइडमध्ये तो साध्या कार्बनवर असतो आणि सहज सुटतो. बेंझिनच्या वलयावरचा क्लोरीन सुटता सुटत नाही. पण ज्या वलयामुळे अभिक्रिया इतकी अवघड होते, तेच वलय तयार झालेल्या साखळीला उष्णता सोसण्याचे बळ देते. वलय सपाट आणि ताठ असते, त्याचे बंध तुटायला फार ऊर्जा लागते, आणि एकसारख्या वलयांच्या सरळ साखळ्या एकमेकींशेजारी नेटक्या रचून स्फटिकी होतात. या पदार्थाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे वलयावरचा हट्टी क्लोरीन हलवण्याचा इतिहास आहे.

कॅनडातील रसायनज्ञ अलेक्झांडर मॅकॅलम यांनी १९४८ साली या हट्टाला सरळ उष्णतेने उत्तर दिले. पॅराडायक्लोरोबेंझीन, गंधक आणि सोडियम कार्बोनेट हे तीन पदार्थ कोणत्याही विद्रावकाशिवाय बंद पात्रात घालून त्यांनी २७५ ते ३६० अंशांपर्यंत तापवले. यातला पहिला पदार्थ परका नाही. मुताऱ्यांत ठेवायच्या उग्र वासाच्या पांढऱ्या वड्या आणि कपड्यांच्या कपाटातल्या काही गोळ्या त्याच्याच असतात. मॅकॅलम यांना मिळालेली राळ उष्णतेला खरोखर दाद देत नव्हती. राळ हीच आपली कमाई आहे असे मानून तिचा अभ्यास करणारे या कथेतले ते पहिले.

पण त्यांची पद्धत कारखान्यात नेण्याजोगी नव्हती. अभिक्रिया सुरू झाली की तिच्यातूनच इतकी उष्णता निघे की मोठ्या पात्रात तिला आवर घालणे कठीण. रचनेतही शिस्त नव्हती. एका वलयामागे एक गंधक हवा, तिथे कधी सव्वा तर कधी दोनांहून अधिक गंधक येई. गंधकाच्या अणूंची आपसांत जोडलेली लांब कडी साखळीत शिरली की तोच तिचा कच्चा दुवा ठरतो. काही ठिकाणी साखळीला फाटेही फुटत.

मॅकॅलम यांच्या पेटंटांचे हक्क डाऊ केमिकलने घेतले. रॉबर्ट लेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगळा मार्ग काढला. एका टोकाला ब्रोमीन आणि दुसऱ्या टोकाला गंधक असलेला एकच रेणू घ्यायचा, त्याचे तांब्याचे लवण करायचे आणि ते तापवायचे. मग रेणू एकमेकांच्या शेपटीला चिकटत जातात. त्यांचे काम १९६२ साली प्रसिद्ध झाले. साखळी सरळ आली, एका वलयामागे एकच गंधक हे प्रमाण नेमके जुळले. अडचण उरली ती तांब्याची. न विरघळणाऱ्या राळेत अडकलेले कॉपर ब्रोमाइड धुऊन काढता येईना, आणि कच्चा मालही महागडा. शास्त्र म्हणून हे काम उत्तम होते. धंदा म्हणून ते टिकण्यासारखे नव्हते.

मार्ग सापडला तो ओक्लाहोमा राज्यातील बार्टल्सव्हिल या लहान गावात. फिलिप्स पेट्रोलियम ही तेलकंपनी; तिचे मुख्यालय आणि प्रयोगशाळा इथे होत्या. प्लास्टिकची तिला ओळख होती. याच प्रयोगशाळेत पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांनी १९५१ साली स्फटिकी पॉलिप्रोपिलीन शोधले आणि त्याच कामातून जास्त घनतेच्या पॉलिथिलीनची पद्धत निघाली. गंधक तर तेलधंद्याच्या पाचवीलाच पुजलेला; कच्च्या तेलातून तो काढून टाकावाच लागतो. जेम्स एडमंड्स आणि वेन हिल यांनी मॅकॅलम यांचे पॅराडायक्लोरोबेंझीन तसेच ठेवले. सुट्या गंधकाऐवजी त्यांनी सोडियम सल्फाइड घेतले. चामडी कमावताना कातड्यावरचे केस सोडवायला वापरतात तेच हे स्वस्त रसायन. आणि या दोघांना भेटवण्यासाठी त्यांनी एक विद्रावक निवडला: एन-मिथाइल पायरोलिडोन. या प्लास्टिकच्या इतिहासातला कळीचा निर्णय हाच, असे मानायला हवे. घटक दुसऱ्यांनाही ठाऊक होते. त्यांना एका भांड्यात नांदवणारा द्राव फिलिप्सला सापडला.

कारण सोडियम सल्फाइड हे लवण, त्याला पाणी हवे. पॅराडायक्लोरोबेंझीन तेलकट, त्याला पाणी वर्ज्य. एन-मिथाइल पायरोलिडोन दोघांनाही सामावून घेतो, दोनशे अंशांपर्यंत उकळत नाही आणि तीव्र अल्कलीतही बऱ्यापैकी तग धरतो. तो नुसता साक्षीदार राहत नाही हे पुढच्या संशोधनात उघड झाले. सल्फाइडबरोबरच्या अल्कलीमुळे त्याचे काही रेणू उघडतात, त्यांचे सोडियम लवण होते आणि तेच गंधकाला विद्रावात ओढून आणते. एडमंड्स आणि हिल यांनी १९६३ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते नोव्हेंबर १९६७ मध्ये मंजूर झाले. टेक्सासमधील बोर्गर येथे १९७२-७३ च्या सुमारास कारखाना सुरू झाला आणि माल रायटन या नावाने बाजारात आला.

कारखान्यातले काम असे चालते. सोडियम सल्फाइड पिवळसर पापुद्र्यांच्या रूपात येते आणि त्यात पाण्याचा भाग भरपूर असतो. ते विद्रावकात घालून आधी तापवतात आणि पाणी उडवून लावतात. मग वितळलेले पॅराडायक्लोरोबेंझीन सोडतात, पात्र बंद करतात आणि दाबाखाली अडीचशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. त्या उष्णतेत साखळ्या विद्रावातच वाढतात. पात्र थंड होऊ लागले की बहुवारिकाला, म्हणजे लांब साखळ्यांच्या या पदार्थाला, विद्रावात राहवत नाही आणि ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडते. थंडपणी कशातच न विरघळण्याचा जो गुण झांव्रेसला अडसर वाटला, त्याच गुणाच्या जोरावर इथे माल आपोआप वेगळा होतो.

मग उरते मीठ, आणि तेही थोडेथोडके नव्हे. साखळीच्या १०८ ग्रॅम वजनाच्या प्रत्येक दुव्यामागे ११७ ग्रॅम सोडियम क्लोराइड तयार होते. म्हणजे प्लास्टिकच्या कारखान्यातून प्लास्टिकपेक्षा मीठच जास्त निघते. हे मीठ गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे लागते, कारण मिठाचा अंश राहिला तर विजेच्या कामासाठी तो माल बाद. महागडा विद्रावक शेवटच्या थेंबापर्यंत परत मिळवावा लागतो. अभिक्रियेला काही तास पुरतात. कारखान्याचा मोठा भाग गाळण्या, धुलाईच्या टाक्या आणि ऊर्ध्वपातनाचे मनोरे यांनीच व्यापलेला असतो.

पहिल्या काळातल्या या भुकटीत एक मोठी उणीव होती. साखळ्या आखूड होत्या. अशा बहुवारिकात दोन्ही घटक अगदी समप्रमाणात पडावे लागतात. एका टक्क्याची तफावत झाली तर साखळी सरासरी दोनशे दुव्यांपुढे जात नाही. सोडियम सल्फाइडच्या पापुद्र्यात पाणी किती आणि सल्फाइड किती याचा भरवसा नसे. आखूड साखळ्यांची भुकटी वितळली की पाण्यासारखी पातळ होई आणि थंड झाली की ठिसूळ. फिलिप्सने त्यावर साधा उपाय केला. भुकटी वितळबिंदूच्या थोड्या खालच्या उष्णतेत, हवेत, तासन्‌तास भाजायची. हवेतल्या ऑक्सिजनमुळे साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, काही लांबतात, आणि पांढरी भुकटी बदामी, मग तपकिरी होत जाते. रवा भाजताना रंगावरून अंदाज घ्यावा, तसा इथेही रंग पाहून कितपत भाजले गेले ते कळते.

भाजलेल्या भुकटीत चाळीस टक्क्यांपर्यंत काचतंतू मिसळले की जो माल तयार होतो तो धातूची जागा घेऊ शकतो. त्याचा साच्यातून काढलेला तुकडा फरशीवर टाकला तर प्लास्टिकसारखा बद्द आवाज येत नाही. चिनी मातीच्या बशीसारखा खणखणतो. ज्योतीत धरला तर काळा पडतो, ज्योत दूर केली की विझतो. आगप्रतिबंधक रसायन त्यात वेगळे घालावे लागत नाही, कारण साखळीतच ते अंगभूत आहे. पहिले ग्राहक मात्र लेपवाले होते. आम्ल आणि क्षार वाहून नेणाऱ्या पंपांना, झडपांना, नळांना आतून हा लेप बसे. टेफ्लॉन मिसळून तो न चिकटणाऱ्या तव्यांवरही चढला. मग मोटारींच्या बॉनेटखालचे भाग, दिव्यांचे परावर्तक, इंधनपंप आणि केस वाळवण्याच्या यंत्राच्या तोंडावरची जाळी अशी त्याची वाटचाल झाली.

लांब साखळीचा प्रश्न हळूहळू सुटला. फिलिप्समधल्याच रॉबर्ट कॅम्पबेल यांनी १९७५ च्या पेटंटात दाखवले की अभिक्रियेत सोडियम किंवा लिथियमचे ॲसिटेट घातले तर भाजण्याची गरज न पडता लांब, सरळ साखळी मिळते. मूळ पेटंटाची सतरा वर्षे नोव्हेंबर १९८४ मध्ये संपली आणि जपानी कंपन्या आधीपासून तयारीत असल्यासारख्या या धंद्यात उतरल्या. कुरेहा, तोरे, दाइनिप्पोन इंक, तोसोह या सगळ्यांनी काही वर्षांत आपापला माल आणला. कुरेहाची युक्ती विशेष चतुर होती. पहिल्या टप्प्यात पाणी काटेकोरपणे आवरायचे आणि अभिक्रिया मध्यावर आली की मुद्दाम पाणी घालून तापमान वाढवायचे. त्यामुळे विद्रावात बहुवारिकाने भरलेला दाट भाग वेगळा होतो आणि तिथे साखळ्या झपाट्याने लांबतात. ज्या पाण्याशी पूर्वीच्या मंडळींचे वैर होते, त्याच पाण्याला कुरेहाने वेळ साधून कामाला लावले. या सरळ साखळीच्या मालापासून धागे आणि पातळ फिल्मही काढता आली. आज कोळशाच्या बॉयलरच्या धुरातली राख अडवणाऱ्या गाळणपिशव्या या धाग्यांच्या असतात.

गंधकाचे दुसरे घराणे फिलिप्सच्या प्रयोगांच्याच काळात उभे राहिले. त्यात गंधक एकटा नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचा एकेक अणू असतो. या जोडणीला सल्फोन म्हणतात. इथे गंधकाचे ऑक्सिडीकरण आधीच टोकाला गेलेले असते, त्यामुळे तापलेल्या हवेला त्याच्याकडून घेण्यासारखे काही उरत नाही. शिवाय सल्फोन गट वलयावरचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. तयार साखळी त्यामुळे मजबूत होतेच, पण त्याआधी वलयावरचा तो हट्टी क्लोरीनही सैल पडतो. फिलिप्सला जे काम अडीचशे अंश आणि दाब लावून करावे लागे, ते सल्फोन शेजारी असला की दीडशे-पावणेदोनशे अंशांत होते. अभिक्रिया सोपी करणारा आणि माल टिकाऊ करणारा गट एकच, असा दुहेरी फायदा रसायनशास्त्रात क्वचितच पदरात पडतो.

अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडने १९६५ साली या तत्त्वावर पॉलिसल्फोन आणले. बिस्फेनॉल-ए आणि डायक्लोरोडायफेनिल सल्फोन यांची डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये अभिक्रिया करून ते बनते. हा विद्रावकही गंधकाचाच, आणि तो मिळतो कागदासाठी लाकडाचा लगदा शिजवणाऱ्या कारखान्यांच्या उपउत्पादनातून. पॉलिसल्फोन पारदर्शक, किंचित पिवळसर असते आणि सुमारे १८५ अंशांपर्यंत मऊ पडत नाही. चांद्रवीरांच्या शिरस्त्राणावरची सोन्याचा मुलामा दिलेली सूर्यझडप या पॉलिसल्फोनची होती. थ्रीएम कंपनीने १९६७ मध्ये त्याहून उष्णतारोधक पॉलिअरिल सल्फोन काढले, तेही फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांच्या जुन्या पद्धतीने. पण तो माल साच्यात ओतायला फार उष्णता लागे आणि तो मार्ग पुढे मागे पडला. ब्रिटनमधल्या आयसीआयने १९७२ साली आणलेले पॉलिइथर सल्फोन मात्र टिकले. त्याची मऊ पडण्याची मर्यादा सव्वादोनशे अंशांच्या आसपास आहे.

डायफेनिल सल्फोनचा हा सांगाडा महाराष्ट्राला दुसऱ्या एका कारणाने जवळचा आहे. त्याच्या दोन टोकांना क्लोरीनऐवजी अमिनो गट बसवले की डॅप्सोन तयार होते. डॅप्सोन प्रथम १९०८ साली जर्मनीत रंगरसायनांच्या काळात बनले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुष्ठरोग्यांच्या उपचाराचा कणा झाले. गावोगावच्या कुष्ठरुग्णांनी वर्षानुवर्षे घेतलेली ती छोटी गोळी आणि हे प्लास्टिक एकाच कुळातले आहेत.

सल्फोन घराण्याचे एक पान मुंबईतही लिहिले गेले. केकी घरडा यांचा जन्म १९२९ चा. मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात ते शिकले आणि मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले. डोंबिवलीतून वाढलेली त्यांची घरडा केमिकल्स रंगरसायने आणि शेतीतली औषधे यांसाठी ओळखली जाई. त्याच कंपनीने आपल्याच संशोधनावर पॉलिइथर सल्फोनपर्यंत मजल मारली आणि गुजरातमधल्या पानोली येथे त्याचे उत्पादन गाफोन या नावाने सुरू केले. जगात मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेले हे तंत्र होते. क्लोरोबेंझीन, गंधकाम्ल, क्लोरीन ही ज्यांची रोजची हाताळणी, त्यांना त्याच कच्च्या मालातून हे प्लास्टिक साधावे यात नवल नाही. पण त्यासाठी लागणारी शुद्धता वेगळ्याच पातळीची. कीटकनाशकात एखादा टक्का भेसळ खपते. इथे टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यानेही साखळी मधेच थांबते. हा टप्पा ओलांडणे ही भारतीय रसायनउद्योगाची मोठी कामगिरी म्हणायला हवी. हा प्लास्टिक विभाग २००५-०६ मध्ये बेल्जियमच्या सोल्वे कंपनीने विकत घेतला. घरडा यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

सल्फोनचा सर्वाधिक विस्तार उष्णतेच्या नव्हे, तर पाण्याच्या कामात झाला. पॉलिसल्फोन विद्रावकात विरघळते आणि तो विद्राव पाण्यात सोडला की अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार होतो. जॉन कॅडोट यांनी १९७० च्या दशकात अशा पडद्यावर पॉलिअमाइडचा अत्यंत पातळ थर चढवला, आणि क्षार अडवणारा आरओचा पडदा उभा राहिला. स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात गुंडाळी करून बसवलेला पडदा याच जातीचा असतो. त्यातला क्षार अडवणारा थर मायक्रॉनच्या एका अंशाएवढा. त्याला पाठबळ पॉलिसल्फोनचे. डायलिसिसच्या नळकांड्यातले हजारो पोकळ तंतूही बहुधा सल्फोनचेच असतात. वाफेने निर्जंतुक करायच्या शस्त्रक्रियेच्या तबकड्यांत मात्र त्याचा मूळ गुण कामी येतो. शेकडो वेळा १३४ अंशांच्या वाफेतून काढले तरी त्या वाकत नाहीत.

पॉलिफेनिलीन सल्फाइडला नवे काम मिळाले ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये. युरोपने जुलै २००६ पासून विजेच्या उपकरणांतल्या शिशावर निर्बंध घातले. शिसे नसलेला डाख वितळायला जास्त उष्णता लागते आणि सर्किटच्या पाट्या २६० अंशांपर्यंत तापलेल्या भट्टीतून जाऊ लागल्या. त्या भट्टीत वितळून न जाणाऱ्या जोडण्या बनवायला निवडीची प्लास्टिके थोडीच होती, आणि त्यात हे एक. त्याच सुमारास, एप्रिल २००५ मध्ये, पहिल्यांदा उडालेल्या एअरबस ए-३८० च्या पंखांच्या पुढच्या कडेत काचतंतू आणि पॉलिफेनिलीन सल्फाइडचे भाग बसवलेले होते. फिलिप्सच्या वारसांकडून रायटनचा धंदा २०१४ च्या अखेरीस सोल्वेने २२ कोटी डॉलरना घेतला. पानोलीचा सल्फोन विभाग आणि बोर्गरचा सल्फाइड विभाग अशा रीतीने एका मालकाकडे आले.

जुन्या पद्धतीच्या तीन खोडी मात्र राहिल्याच. साखळीच्या टोकाला अडकून राहणारा क्लोरीन हॅलोजनमुक्त मालाच्या नियमांत अडचणीचा ठरतो. मिठाचे ढीग उरतात. आणि ज्या विद्रावकाने हा धंदा उभा केला, तो एन-मिथाइल पायरोलिडोन गर्भावर परिणाम करणारा म्हणून युरोपात २०११ पासून घातक द्रव्यांच्या यादीत आहे. २०२० पासून त्याच्या वापरावर बंधने लागू झाली.

या तिन्ही खोडींवरचा उपाय मॅकॅलम यांच्या कोरड्या पात्राची आठवण करून देणारा आहे. अमेरिकेतल्या ईस्टमन कंपनीत १९९० च्या सुमारास मार्क रूल आणि सहकाऱ्यांनी पॅराडायक्लोरोबेंझीनऐवजी पॅराडायआयोडोबेंझीन घेतले आणि ते विद्रावकाशिवाय थेट सुट्या गंधकाबरोबर वितळवले. आयोडीन वलयाला क्लोरीनइतके घट्ट धरून ठेवत नाही, त्यामुळे अभिक्रिया आवाक्यात राहते. मॅकॅलम यांच्या राळेत शिरलेली जादा गंधकाची कडी इथेही आधी तयार होते, पण उष्णता वाढवत आणि हवेचा दाब उतरवत नेला की उरलेले आयोडोबेंझीन त्या कडीवर तुटून पडते आणि शेवटी एका वलयामागे एकच गंधक उरतो. दक्षिण कोरियाची एसके केमिकल्स आणि जपानची तेजिन यांनी २०१३ साली इनिट्झ ही कंपनी काढून उल्सान येथे ही पद्धत कारखान्यात उतरवली. तिथे मीठ निघत नाही, धुलाई नाही, विद्रावकही नाही. सुटलेले आयोडीन जांभळ्या वाफेच्या रूपात वर जाते, थंड करून गोळा केले जाते आणि बेंझिनवर पुन्हा बसवून नव्या खेपेसाठी वापरले जाते. बहुवारिक तळातून वितळलेल्या स्थितीतच बाहेर येते आणि त्याचे दाणे कापले जातात.